खात्यावर आलेला पैसा घरात कुठे मुरतो?

सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर बसा, लाडक्या बहिणीच्या महिन्याच्या सरकारी पैशावरून "पंधराशेत काय होतं?" हा प्रश्न हमखास निघतो. त्याच पारावरचा दुसरा गडी सांगतो की या पंधराशेपायी खुरपणीला बाया मिळेनात. आता रक्कम एक तर किरकोळ असेल, नाही तर रोजगार सोडावा इतकी मोठी असेल. दोन्ही एकदम कसं असेल? पार बाजूला ठेवून वही उघडलेली बरी.

हिशेबासाठी एक घर धरू. मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातलं, तीन एकर कोरडवाहू, पीक रब्बी ज्वारीचं. नवरा-बायको आणि दोन शाळकरी मुलं. जमीन नवऱ्याच्या नावावर. या घरात तीन वाटांनी पैसा येतो. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. ही योजना डिसेंबर २०१८ पासून लागू आहे. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे तेवढेच ६,०००, पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये पडला. आणि बायकोच्या खात्यावर मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे महिना १,५००, जुलै २०२४ पासून, म्हणजे वर्षाचे १८,०००. एकूण ३०,०००.

हीच तीन एकर जमीन बायकोच्या नावावर असती तर? शेतकरी योजनांचे १२,००० तिच्या खात्यावर गेले असते, म्हणजे महिन्याला हजार. मग नियमाप्रमाणे लाडक्या बहिणीचे फक्त उरलेले पाचशे मिळतात. घरात या योजनांचे वर्षाला येतात १८,०००. पीएम किसान कुटुंबाला एकदाच मिळते आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अठरा वर्षांखालची मुलं. त्यामुळे नवऱ्याला वेगळं काही नाही. जमीन तीच, माणसं तीच, फक्त सातबाऱ्यावरचं नाव वेगळं, आणि वर्षाला १२,००० चा फरक. सगळ्यात जास्त टोचतं ते विधवा बाईच्या बाबतीत. नवऱ्यामागे जमीन तिच्या नावावर झाली की घरात येणारी रक्कम कमी होते, जेव्हा खरं तर गरज वाढलेली असते. तिला संजय गांधी निराधार योजनेचे दीड हजार मिळत असतील, तर लाडकी बहीण मिळतच नाही.

रक्कम इथवर. पण घराचं रहाटगाडगं बदलतं की नाही हे रकमेपेक्षा दुसऱ्याच गोष्टींवर ठरतं: पैसा कधी येतो, किती तुकड्यांत येतो आणि कोणाच्या हातात पडतो.

पेरणी आणि हप्ता

रब्बी ज्वारीला आपल्याकडे हस्ताच्या पावसावर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की पेरा होतो, साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. एकरी चार किलो बी. डीएपी खताची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना. पीएम किसानचा एक हप्ता म्हणजे एक गोणी आणि एका एकराचं बी. ट्रॅक्टरचं भाडं त्यात बसत नाही. तरीही हा हप्ता पेरणीच्या आठवड्यात आला, तर कृषी सेवा केंद्रावर खत उधार घ्यावं लागत नाही. उधारीच्या खताला दुकानदार जी गोणी देईल ती घ्यावी लागते, सोबत एखादी नको असलेली बाटलीही गळ्यात पडते, आणि ज्वारी निघाली की ती त्याच्याच ओळखीच्या आडत्याकडे घालावी लागते. रोखीचं मोल तिथं आहे.

आता तारखा बघा. २०२४ चा हप्ता ५ ऑक्टोबरला आला, वाशीमच्या कार्यक्रमातून. अगदी पेरणीच्या तोंडावर. पुढच्या वर्षी त्याच सुमाराचा हप्ता आला १९ नोव्हेंबरला. तोवर ज्वारी गुडघ्याला लागलेली. रक्कम दोन्ही वेळा दोन हजारच, पण पहिल्या वेळी ती गोणी झाली आणि दुसऱ्या वेळी उधारी फेडण्यात गेली. योजनेच्या नियमात चार-चार महिन्यांचे टप्पे आहेत (एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च), टप्प्यातली तारीख मात्र ठरलेली नाही. म्हणून पेरणीचं गणित या हप्त्यावर मांडू नये. आला तर आला, या हिशेबाने चालावं. पेरणीच्या खर्चाला पीक कर्ज बरं: वेळेत फेडलं तर राज्यात तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही.

दरमहाच्या पैशाचं तसं नाही. लाडक्या बहिणीचेही दिवस मागे-पुढे होतात, कधी दोन महिन्यांचे एकदम येतात. पण येणार हे धरून चालता येतं. दिवसाला पन्नास रुपये झाले, चार माणसांत साडेबारा. यातून म्हैस येत नाही. घरात येतं ते वेगळंच.

पहिली सुटते ती उधारी

दुष्काळी पट्ट्यातल्या घराची खरी ओढाताण जून ते सप्टेंबर. ज्वारी विकून झालेली, शाळा सुरू झालेल्या, पावसाचा भरवसा नाही, शेतात मजुरी तुरळक. या चार महिन्यांत किराणा वहीवर चालतो. वाणी व्याज लावत नाही, पण वहीवाल्या गिऱ्हाईकाला घासाघीस करता येत नाही, आणि पाव-पाव किलोने घेतलेली साखर, लहान पुड्यांतलं तेल हे सगळं महागच पडतं. दरमहा दीड हजार येऊ लागले की बहुतेक घरांत आधी ही वही आटते. कुणाच्या नजरेत न येणारा बदल आहे हा. नवी वस्तू दिसत नाही, म्हणून "पैसे गेले कुठे?" असा प्रश्न सासऱ्याला पडतो.

दुसरी गोष्ट सावकाराची. समजा दवाखान्यासाठी २०,००० शेकडा तीनने घेतलेत. महिन्याला ६०० व्याज, वर्षाला ७,२००, आणि मुद्दल तिथंच उभं. सावकार सहसा मुद्दल थोडं-थोडं घेत नाही. "एकदम आण" म्हणतो, कारण त्याला व्याज हवं असतं. इथं दरमहाचे दीड हजार नुसते असून उपयोग नाही, ते एकरकमी करावे लागतात. ही किमया बचत गट करतो. गटाने शेकडा एकने २०,००० दिले, त्यातून सावकाराचा हिशेब एकदाच मिटवला, आणि गटाला महिन्याला १,५०० प्रमाणे फेडलं, तर पंधराव्या महिन्यात कर्ज संपतं. एकूण व्याज साधारण १,६०० रुपये. सावकाराने मुद्दल तुकड्यांत घेतलं असतं तरी शेकडा तीनने अठरा महिने आणि सुमारे ५,९०० रुपये व्याज गेलं असतं. सोळाव्या महिन्यापासून दीड हजार मोकळे, वर सावकाराच्या व्याजाचे सहाशेही वाचले.

व्याजाचा दर कायद्याने बांधलेला आहे, हे गावात फारसं कुणी सांगत नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारणावर १२ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, सहकारी संस्थांच्या कार्यालयात होते. ओळखपाळख आड येते म्हणून लोक करत नाहीत, हे निराळं.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचं याच सुताने जाणारं गणित आहे. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जेवढी मोठी, तेवढा हंगाम त्याच्याकडे बांधलेला. पावसाळ्यातला किराणा आणि वह्या-पुस्तकं दीड हजारात भागली, तर उचल लहान घेता येते. घर तोडीला जाणं थांबत नाही, पण हंगामाअखेर "अजून फिटली नाही" हे ऐकावं लागण्याची शक्यता घटते.

शेळी टिकते कशाने

उपजीविका बदलणं म्हणजे कमाईचं नवं साधन येणं. दीड हजारात साधन येत नाही. मग दहा बायकांनी महिन्याला पाचशे काढले की पाच हजार, दोन महिन्यांत दहा हजार. भिशीसारखं फिरवलं तर वीस महिन्यांत दहाही घरांत एकेक शेळी. आकडा सोपा आहे, अडतं ते शेळी आणल्यानंतर.

आपल्याकडे उस्मानाबादी शेळी चांगली. बार्शी, धाराशिवचा भाग तिचं घरच. दूध बेताचं, पण जुळी करडं देण्याची सवय, आणि बाभळीच्या शेंगांवर, बांधावरच्या पाल्यावर निभावते. सांगोल्याच्या बाजारात घेताना दात बघा: दोन दाती किंवा चार दाती घ्यावी, सगळे दात झिजलेली घेऊ नये. कास चाचपून दोन्ही सड मोकळे आहेत का बघा. शेपटीखाली लेंडी लागलेली, नाकातून शेंबूड येणारी शेळी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. पावसाळ्याच्या तोंडावर आणू नये. पहिल्या पावसानंतरचं कोवळं लुसलुशीत गवत अधाशासारखं खाल्लं की आंत्रविषार या आतड्याच्या रोगाने धडधाकट जनावर रातोरात जातं. त्याची लस पावसाळ्याआधी टोचायची असते. पीपीआर या साथीच्या रोगाची लस वेगळी, ती साधारण तीन वर्षं पुरते. दोन्ही सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळतात. नवी शेळी पंधरा दिवस वेगळी बांधावी, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि जागा नाही म्हणून कुणी करत नाही.

आता पैशाचं बघू. दहा हजारांची दोन-तीन महिन्यांची गाभण शेळी आणली. गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणजे दोन-तीन महिन्यांत वेते. करडं विकायला आणखी सात-आठ महिने. म्हणजे हातात पैसा यायला नऊ ते अकरा महिने लागतात, आणि गटाचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून. कोरडवाहू घरात शेळी नेमकी याच काळात विकली जाते. पोरगं आजारी पडतं, शाळेची फी येते, हप्ता थकतो, आणि गाभण शेळी पडत्या भावाने खाटकाच्या दारात जाते. दरमहाचा पैसा शेळी विकत घेत नाही. घेतलेली शेळी विकू देत नाही. मोठा फायदा हाच, आणि योजनेच्या जाहिरातीत तो कुठंच नसतो.

हप्ता एकरकमी की दरमहा, यावर जगात प्रयोग झालेत. केनियातल्या एका पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१६ मध्ये छापले गेले, काही घरांना रक्कम एकदम दिली आणि काहींना महिन्याला वाटून. दरमहावाल्यांच्या ताटात अन्न वाढलं; एकरकमीवाल्यांनी टिकाऊ वस्तू घेतल्या. त्याच देशातल्या पुढच्या, ६५३ गावांच्या मोठ्या प्रयोगात घरटी सुमारे हजार डॉलर दिले. ज्यांना पैसे मिळाले नाहीत त्यांचीही उलाढाल वाढली आणि महागाई नगण्य राहिली. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत माणशी २०० आणि मुलामागे १०० रुपये महिना दिले, पुढे ते ३०० आणि १५० केले. तिथं लोकांनी बी-खत आणि जनावरांवर खर्च केला, आणि मजुरीपेक्षा स्वतःच्या शेतात जास्त राबले.

पारावरच्या तक्रारीचं अर्धं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. सहा देशांतल्या सात प्रयोगांची एकत्र छाननी २०१७ मध्ये आली; रोख मदतीने लोक कामचुकार होतात याचा पुरावा त्यात सापडला नाही. दारू-तंबाखूवर खर्च वाढतो का, याचीही जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी तशीच छाननी केली; वाढत नाही असं दिसलं. खुरपणीला बाई येत नसेल तर ती घरी झोपली आहे असं समजण्याआधी तिच्या स्वतःच्या रानात किंवा शेळ्यांमागे बघावं. आणि पडत्या दरात यायला ती आता राजी नाही, हेही असू शकतं. मालकाला ते झोंबणारच.

पैसा अडतो कुठे

सगळ्यात जास्त गोंधळ आधार लिंक या शब्दाने होतो. तुमचा आधार तीन बँकांना जोडलेला असू शकतो, पण सरकारी अनुदान एकाच खात्यावर येतं: ज्या बँकेने शेवटी सीडिंग, म्हणजे अनुदानासाठी आधारची जोडणी, केलं, तिथं. बाई पासबुक घेऊन एका बँकेत चकरा मारते आणि पैसे माहेरच्या गावात कधीतरी उघडलेल्या खात्यावर साठत असतात. तपासायचं असं: माय आधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन करा, 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की बंद, हे तिथं दिसतं. भलतीच बँक असेल तर हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा. नुसती आधारची झेरॉक्स देऊन येऊ नका. त्याने केवायसी, म्हणजे ओळख पटवणी, होते, सीडिंग होतंच असं नाही. गावात शाखा नसेल तर पोस्टमनकडे पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं घरबसल्या उघडता येतं. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल नंबर हवा. घरातल्या पोराने सिम बदललं आणि आईचा आधार अडला, हे प्रकार रोजचे.

दुसरं, कमी कागदपत्रांवर उघडलेलं 'छोटं खातं'. त्यात शिल्लक ५०,००० च्या वर, वर्षाचा भरणा एक लाखाच्या वर किंवा महिन्याला १०,००० पेक्षा जास्त रक्कम काढणं चालत नाही. एरवी हे कुणाच्या लक्षात येत नाही. पण सप्टेंबर २०२५ मध्ये सीना फुगून माढा, मोहोळ, करमाळ्याची शिवारं पाण्याखाली गेली, तसं काही झालं की मदत एकरकमी येते, आणि ती काढताना महिन्याची ही मर्यादा आडवी येते. शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करून ठेवली की प्रश्न मिटतो. पंचनाम्यानंतर तलाठ्याच्या यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन सेतू केंद्रात आधार प्रमाणीकरण करायला सांगतात. ते राहिलं की यादीत नाव असूनही रक्कम पडत नाही.

पीएम किसान अडलं असेल तर तीन ठिकाणी बघा: ई-केवायसी, जमिनीची नोंद, आधार सीडिंग. शेतकरी ओळख क्रमांकही काढून ठेवा. बोटं झिजून अंगठा लागत नसेल तर पीएम किसानच्या अॅपवर चेहरा दाखवून केवायसी होते. जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेली असेल तर लाभ नाही. वारसाने आली असेल तर आहे. म्हणून वडील गेल्यावर वारस नोंदीचा फेरफार रखडवू नये. वडिलांच्या नावाने हप्ते येत राहिले म्हणून गप्प बसणाऱ्यांना ते पुढे परत करावे लागतात.

मग अंगठा लावून पैसे काढण्याची जागा. बँक मित्राच्या, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीच्या, यंत्रावर अंगठा उमटला नाही तर दोन-तीनदा लावावा लागतो, आणि नेमकी इथंच हातचलाखी होते: पहिल्यांदाच व्यवहार झालेला असतो, "झाला नाही" म्हणून दुसऱ्यांदा अंगठा घेतला जातो. प्रत्येक अंगठ्यानंतर पावती मागायची. यशस्वी असो वा नसो, पावती निघते. शंका आली तर तिथंच मिनी स्टेटमेंट काढायला लावा. खात्यातून वजा झाले पण हातात आले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत; त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. रुपे कार्ड असेल तर नव्वद दिवसांत एकदा तरी वापरा, कारण जनधन कार्डाबरोबरचा अपघात विमा त्यावर अवलंबून असतो. वर्षाला २० रुपयांच्या पंतप्रधान सुरक्षा विम्याचा हप्ता मे अखेरीला कापला जातो. खातं तेव्हा कोरडं असू नये.

पैसा बाईच्या खात्यावर येणं आणि तिच्या हातात येणं यातही अंतर आहे. एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात, पिन त्याला ठाऊक आणि मेसेज त्याच्या फोनवर, असं असेल तर खातं नावापुरतं. म्हणूनच अंगठ्याची पद्धत, तिच्यात कितीही खोट असली, बायकांना सोयीची वाटते: स्वतः जावंच लागतं.

या सगळ्या हिशेबातून पूर्ण सुटलेलं एक घर गावात हमखास असतं, ते बटाईदाराचं. दुसऱ्याची पाच एकर तो कसतो. बी, खत, राबणं त्याचं आणि सातबारा मालकाचा. मालक पुण्याला नोकरीला, आयकर भरत नसेल आणि सरकारी नोकर नसेल तर वर्षाचे १२,००० त्याच्या खात्यावर जातात. बटाई तोंडी असते, कारण कुळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, या भीतीने मालक कागद करत नाही. कागद नाही म्हणून पीक कर्ज नाही, नुकसानभरपाईही मालकाच्याच नावाने. अशा घरात येतात ते फक्त बायकोचे दीड हजार. काही गावांत बटाई ठरवतानाच नुकसानभरपाई आली तर निम्मी कसणाऱ्याची, असं चार माणसांसमोर बोलून घेतात. पेरणीआधी ते बोलून घेतलेलं बरं, पूर आल्यावर नाही.